मौनातलं मार्गदर्शन

चित्राच्या बाळंतपणाचा भार वसाहतीनं उचलला, त्यात पुढाकार शैलाताईंचाच होता. चित्राचं माहेर राजगुरुनगरचं. पहिलं बाळंतपण तिथंच व्हायचं, पण ऐनवेळी आईचा पाय मोडला आणि पोर पिंपरीतच अडकली. घरात सासू नाही, नणंद नाही. "मग आम्ही कशाला आहोत?" म्हणून शैलाताईंनी भगिनी मंडळात माता मार्गदर्शन समिती काढली. नवरे कंपनीत जातात तशा बायकाही शिफ्ट लावून चित्राकडे जाऊ लागल्या.

फरक एवढाच की, कंपनीत पहिल्या शिफ्टचं काम दुसरी पुढे नेते. इथं दुसरी आली की पहिलीचं उसवून ठेवायची. सकाळी इंद्रायणीकाकू सांगायच्या, "रडलं की घे पदराखाली." दुपारी नीलिमा मासिकात वाचलेलं सांगायची, "घड्याळ लावून पाजायचं हं, नाहीतर लाडावतं." काकू म्हणायच्या मांडी घालून बस, नीलिमा म्हणायची खुर्चीत बस. चित्रा बिचारी खुर्चीत मांडी घालून बसायची. बारसं झालं तरी बाळ तोंड लावायचं, सोडायचं नि भोकाड पसरायचं. वजन काही वाढेना.

शेवटी तिचा नवरा नंदकिशोर दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला. "आज संध्याकाळपर्यंत बघू. नाही प्यायलं तर फोडू," असं सांगून तो ड्यूटीला गेला. डबा देवाशेजारच्या फळीवर विराजमान झाला. चित्राला बाळाला अंगावरच पाजायचं होतं. ती डब्याकडे बघायची नि डोळे पुसायची.

त्या दुपारी शैलाताईंची शिफ्ट. आणि नेमकं त्याच दिवशी त्यांचं चातुर्मासाचं व्रत सुरू झालेलं, सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत मौन. संकल्प सोडताना समिती त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती. यजमान मात्र खूश होते. "व्रत तुझं आणि फळ आधी मला," असं म्हणत ते हसतच कामावर गेले होते.

शैलाताई आत शिरल्या नि थबकल्या. चित्रानं बाळ काखेत धरलेलं, त्याचे पाय पार तिच्या पाठीकडे. असं कुणी धरतं? तीन बाळंतपणांचा अनुभव जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. त्यांनी हातवारे केले. चित्रानं उठून पंखा लावला.

मग नाइलाजानं त्यांनी कडी घातली, तिच्या पाठीशी लोड दिला, अळिवाची खीर पुढ्यात ठेवली आणि कोपऱ्यात वाती वळत बसल्या.

"काहीतरी सांगा ना ताई. माझंच चुकतंय ना?"

आपल्याला बोलता येत नाही, अशा अर्थी त्यांनी मान हलवली. आपलं चुकत नाही, असं चित्राला वाटलं. इतक्या दिवसांत असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. ती रडायला लागली. 'रडू नकोस, दूध आटेल' हे वाक्य शैलाताईंनी मोठ्या कष्टानं गिळलं. कुणी थांबवलं नाही म्हणून ती पोटभर रडली, मग तिनं खीर संपवली नि बाळाला पुन्हा जवळ घेतलं.

दार वाजलं. "ताई, पाजायची वेळ टळतेय हो," नीलिमाचा आवाज. पाठोपाठ काकू, "कडी का घातली गं?" मग त्यांनाच आठवलं, "अगं, ताईंचं दिवेलागणीपर्यंत मौन नाही का!" दोघी ओट्यावर टेकल्या.

हळूहळू खोलीत घुटक्यांचा बारीक आवाज येऊ लागला. शैलाताईंनी वर पाहिलं. बाळ पीत होतं, अगदी मन लावून. तेही काखेतच, पाय पाठीकडे करून. त्यांच्या हातातली वात बिघडली.

अंधारून आलं तसा त्यांनी देवापुढे दिवा लावला. व्रत सुटलं. चित्रानं धास्तावून त्यांच्याकडे पाहिलं नि बाळ जरा जवळ ओढलं. ते बघून त्यांना कसंसंच झालं. इतकं भ्यायची पोर आपल्याला?

कडी काढून त्या बाहेर आल्या नि दार मागे ओढून घेतलं. ओट्यावर आता नंदकिशोरही होता. "डबा फोडू का, ताई?"

त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"प्यायलं?" काकू सरसावल्या. "काय सांगितलंत तिला? दिवा लागला की आता, बोला."

शैलाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. ठरल्याहून थोडं जास्त मौन झालं म्हणून देव काही रागावणार नव्हता. मग त्या दाराला पाठ लावून तिथंच बसल्या आणि उरलेला कापूस काकूंच्या नि नीलिमाच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून समितीचं काम ओट्यावरूनच चालू झालं. वाती कशा वळायच्या यावर काकूंचं नि नीलिमाचं आजतागायत एकमत नाही.