न टिकलेला बुडबुडा

ज्याच्या साक्षीवर घरादाराचा जीव विसंबला, त्याचीच वाचा ऐन वेळी बसली, तर त्याने पुढे कोणत्या तोंडाने बोलावे? तरीही मी बोलतो आहे. मी गॅसची गळती दाखवणारा फेस.

कारखान्यात साबणाच्या पाण्यात लांबच लांब साखळ्यांचे रेणू मिसळून मला घडवले. बुडबुड्याची भिंत म्हणजे पाण्याचा पातळ पापुद्रा. त्यातले पाणी ओघळले की तो फुटतो. माझ्या साखळ्या त्याला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात. मला नळीच्या सांध्याला लावावे आणि क्षणभर पाहावे. गॅस झिरपत असेल तर तेथे बुडबुडा फुगतो आणि माणसाला दिसेपर्यंत टिकतो. परमेश्वराने माझ्याकडे एवढेच काम सोपवले.

माझा धनी गॅसजोडणी करणारा कारागीर. हात कुशल, स्वभाव उतावळा. बाटली सरत आली की नवी आणण्याचा कंटाळा करी आणि ती सरळ नळाखाली धरी.

"फेस येतोय ना? मग झालं!"

फेस येई, साखळ्या मात्र विरळ होत गेल्या.

थोरल्या बहिणीच्या नव्या स्वयंपाकघरात त्याने मला सांध्यावर फासले. बुडबुडा उठला आणि त्याची नजर वळण्याआधीच फुटला. मी तिथेच शरमेने वाळून गेलो.

दुसऱ्या दिवशी बहिणीने त्याला बोलावले.

"अरे, वास येतोय."

"ताई, तुझ्या नाकाला शेजारच्यांची फोडणीही कळते!"

"थट्टा पुरे. नीट बघ एकदा."

"मी तपासलंय म्हणजे तपासलंय. भरवसा नाही माझ्यावर?"

"आहे रे बाबा. पण नाकावरही आहे," असे म्हणत ती लेकीला कडेवर घेऊन अंगणात गेली.

"थांब, दाखवतोच तुला!"

त्याने काडी ओढली.

मायलेकी वाचल्या, ही देवाची कृपा. माझ्यात पाणी दुसऱ्याने घातले, हे खरे. पण खोटी साक्ष माझ्या तोंडून गेली, ती लाज माझीच. ज्यावर कुणाचा जीव विसंबतो, त्यात पाणी घालू नका, एवढीच विनवणी.

धन्याचे भाजलेले हात बरे झाले. डोळे गेले. ताई आता त्याला दोन्ही वेळा जेवू घालते, आणि शेगडी पेटवण्याआधी तो भिंत चाचपत दाराशी येऊन विचारतो, "ताई, वास नाही ना येत?"