सांगून उठायचा बाक

मी एक जुना बाक आहे. माझ्या अंगावर कंपासच्या टोकाने इतकी नावं कोरलेली आहेत की वर्गाची हजेरी माझ्यावरूनच घेता येईल. मित्रांनो, बाकाची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला जांभई आली, तर मी रागावणार नाही. बाकावर बसून जांभया देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण माझ्यामुळे एका मुलीचा हात मोडला, असं सगळी शाळा म्हणत होती. त्यापायी एका चांगल्या बाईंची नोकरीही जाणार होती. आता जरा सरसावून बसाल, अशी आशा आहे.

मला घडवणाऱ्या सुतारकाकांचं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. त्यांनी माझे पाय टोकांना बसवायचे सोडून पार आत, पोटाजवळ बसवले. फळी लांबलचक, पण दोन्ही टोकांखाली आधार म्हणून काही नाही. दोन टोकांवर दोघं बसले की मी अगदी भक्कम. एक उठला की दुसरा धाडकन जमिनीवर! पहिल्याच आठवड्यात निम्मा वर्ग आपटला आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. तिथे माझ्यावर ओली पुसणी वाळत पडायची. काम करायची उमेद असताना असं नुसतं पडून राहणं फार जिवावर येतं, मित्रांनो.

मग शाळेत इंग्रजीच्या नव्या बाई आल्या. त्या अजून कायम झालेल्या नव्हत्या. त्यांच्या वर्गातल्या मुलांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण ती तोडून तोडून बोलायची. आय हॅव अ डॉग. द डॉग इज ब्लॅक. द डॉग बार्क्स. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी दर वाक्याला ब्रेक मारतंय. दोन वाक्यं जोडून एक कसं करायचं, याचे नियम बाईंनी फळ्यावर लिहून दिले. मुलांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि वही मिटून टाकली. झालं, ये रे माझ्या मागल्या!

एकदा मधल्या सुट्टीत बाई माझ्या एका टोकाला बसून पेपर तपासत होत्या. दुसऱ्या टोकाला शिपाईमामा टेकले होते. घंटा द्यायची वेळ झाली, मामा ताडकन उठले आणि बाई पेपरांसकट खाली!

"अहो मामा, उठताना सांगायचं तरी!" बाई कंबर चोळत म्हणाल्या आणि मग एकट्याच हसायला लागल्या. हसता हसता त्या थांबल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. त्याच दुपारी मी वर्गात होतो.

त्यांचा खेळ असा होता. एका टोकाशी एक मूल उभं राहायचं, दुसऱ्या टोकाशी दुसरं. दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं. वाक्य अर्धवट असेल तर बसायला बंदी. कुणी नुसतं 'अंडर द टेबल' म्हटलं की बाई विचारायच्या, "कोण आहे टेबलाखाली? काय करतंय? पुरतं सांग, मग बस." दोन्ही वाक्यं पुरती झाली की दोघांनी एकदम बसायचं. माझ्यामागे तिसरं मूल उभं असायचं, ते 'जोडणारं'. अँड, बट, ऑर, सो यांतला एक शब्द त्याने मध्ये घालायचा. 'इट वॉज रेनिंग' एकीकडे, 'वी वेंट आउट टु प्ले' दुसरीकडे, मध्ये 'बट'. मग सगळ्या वर्गाने ते वाक्य एका दमात म्हणायचं.

आणि उठायचा नियम सगळ्यांत कडक होता. आधी फळीवर दोन थापा मारायच्या. समोरच्याने दोन थापांनी उत्तर द्यायचं. मगच दोघांनी मिळून उठायचं. महिन्याभरात तो वर्ग इतकी लांब वाक्यं बोलायला लागला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन ऐकायचे. माझ्यावरची धूळ बाई स्वतः रुमालाने पुसायच्या. खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा.

त्या वर्गात दोन जिवलग मैत्रिणी होत्या. एक बेकरीवाल्यांची गुब्बी, अंगाने गुटगुटीत. दुसरी ट्रकचालकाची मुलगी, काडी. ती किती बारीक ते नावावरूनच कळतं. एके दिवशी खेळात गुब्बी म्हणाली, "आय सिट ऑन द बेंच." जोडणाऱ्या मुलाने 'सो' लावलं. काडीने डोळे मिचकावले आणि म्हणाली, "द बेंच इज क्राइंग!"

दोघी बसल्या आणि वर्ग खो खो हसत सुटला. जोडणारा मुलगा पोट धरून खाली वाकला. बाई फळ्याकडे वळलेल्या होत्या, त्या तोंडातल्या तोंडात "अगं" म्हणेपर्यंत गुब्बी उठली होती. काडी हसत मागे रेललेली. मी तिला सावरू शकलो नाही, मित्रांनो. बाकाला हात नसतात. ती हातावर पडली आणि जे काही वाजलं ते मला अजून ऐकू येतं.

गुब्बीने थाप मारली होती का? त्या हशात कुणालाच काही सांगता येईना. बाईंनी तिला विचारलं, तेव्हा तिने मान खाली घालून सांगितलं, "मारली होती."

मारली नव्हती. हे गुब्बीला ठाऊक होतं आणि मला. तिला तोंड उघडवत नव्हतं आणि मला उघडता येत नव्हतं. काडीने घरी एवढंच सांगितलं, की बाक उलटला. म्हणजे दोष माझा आणि मला वर्गात आणणाऱ्या बाईंचा. मला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काडीच्या वडिलांनी निरोप धाडला, की ते शाळेत येत आहेत. त्यांच्यासमोरच बाईंचं काय ते ठरेल, असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा ठरवलं की ते दगडावरची रेघ. गुब्बी रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ यायची, हात फळीपर्यंत न्यायची आणि न टेकवताच निघून जायची.

तो दिवस उजाडला. मोठ्या बाईंच्या खोलीत काडीचे आईवडील, गळ्यात हात अडकवलेली काडी, आमच्या बाई आणि साक्षीला म्हणून बोलावलेली गुब्बी, असे सगळे जमले. वडिलांचा आवाज व्हरांड्यात ऐकू येत होता.

"कुठाय तो बाक? मला बघू द्या!"

शिपाईमामांनी मला ओढत आत नेलं. वडील माझ्यावर वाकले, एक पाय हलवून पाहिला. पाय कसला हलतोय! मग ते धप्पकन एका टोकाला बसले.

"तुझी मैत्रीण इथे बसली होती ना? आणि तू तिकडे? बस बघू तशीच. मला कळू दे काय झालं ते."

काडी दुसऱ्या टोकाला टेकली. बाई म्हणाल्या, "थांबा, तिला तिथे..." पण मोठ्या बाईंनी हात वर केला. "तुम्ही थांबा. तुमचं नंतर ऐकू."

"ऐकायचं काय त्यात?" वडील कडाडले. "पोरं शिकायला पाठवतो आम्ही, हातपाय मोडून घ्यायला नाही! यांना आजच्या आज काढा!" आणि टेबलावर मूठ आपटायला ते उसळून उठू लागले.

माझं काडीकडचं टोक खाली जायला लागलं. ट्रकवाल्याचं वजन सुटत होतं आणि पलीकडे प्लास्टरमधला हात होता.

"काका, उठू नका!"

गुब्बी खोलीच्या कोपऱ्यातून धावली आणि तिने सगळं अंग वडिलांच्या बाजूला फळीवर झोकून दिलं. मी पुन्हा सरळ झालो. वडील अर्धवट उठलेल्या अवस्थेत तसेच राहिले.

"आधी थाप मारायची असते!" गुब्बी रडतच ओरडली. "दोनदा! नाहीतर ती पडते!"

मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी मारली होतीस?"

"नाही."

वडील सावकाश खाली बसले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, फळीखाली वाकून माझे पाय पाहिले, मग गुब्बीकडे पाहिलं. त्यांचा हात उठला आणि गुब्बीने डोळे घट्ट मिटले.

"बाबा, नका!" काडी म्हणाली. "मी तिला सगळ्यांसमोर चिडवलं, म्हणून ती उठली."

"हे मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बाक उलटला. तेवढंच सांगितलं."

वडिलांचा उठलेला हात स्वतःच्याच कपाळावर गेला. मग बाईंकडे न बघता पुटपुटले, "मीही आत्ता तेच करणार होतो की. पोर पुन्हा पडली असती."

"खेळ माझा होता आणि नजर माझी हटली," बाई म्हणाल्या. "ती चूक माझीच आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुतारकाकांना बोलावून माझे पाय टोकांना लावून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. बाई राहणार होत्या. सगळे आपापल्या वाटेने गेले, पण त्या दोघी मैत्रिणी एकमेकींकडे न बघताच दारातून बाहेर पडल्या.

आता मी चार पायांवर नीट उभा आहे आणि कुणालाही पाडत नाही. मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, शाई सांडू नका, एवढं तर मी बाक म्हणून मागणारच. पण आणखी एक मागतो. रागाच्या भरात उठाल, तेव्हा आपल्यामुळे कोण तोललेलं आहे, तेवढं बघा.

नवे पाय लागल्यावर पहिलाच तास झाला, त्यात बाईंनी त्या दोघींनाच पुढे बोलावलं. काडी एका टोकाशी, गुब्बी दुसऱ्या. काडीने गळ्यातल्या हाताकडे बघत म्हटलं, "माय हँड इज ब्रोकन."

जोडणारा मुलगा गोंधळला. कुठला शब्द लावायचा? भलताच लागला तर पुन्हा आग. तो कसाबसा म्हणाला, "बट..."

गुब्बीचे ओठ नुसते हलत होते. बाईंनी घाई केली नाही. वर्गही थांबला.

"आय हॅव टू हँड्स," गुब्बी म्हणाली.

दोघी एकदम बसल्या. बाईंनी ते वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेतलं नाही. घंटा झाली, तेव्हा गुब्बीने एका खांद्यावर स्वतःचं दप्तर घेतलं आणि दुसऱ्या खांद्यावर काडीचं.