वटवाघळाची शेपटी

इदाइराने लाटांवर जायचा नवा बोर्ड टेबलावर पालथा केला, त्याच्या मागच्या टोकाच्या, शेपटीच्या कडेवरून तळहात फिरवला आणि हात तिथेच थांबवला.

तिने चंद्रकोर सांगितली होती. आत वळलेली, एकसंध कमान. हाताला लागली ती मधोमध फुगून बाहेर आलेली, दोन्ही बाजूंना खोलगट कापलेली शेपटी. पंख पसरलेल्या वटवाघळाची मागची कड असावी तशी.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"तुझाच आहे." ग्वासिमारा दुसऱ्या बोर्डाची बाजू घासत होती. तिने मान वर केली नाही.

ग्वासिमारा तिची थोरली बहीण. बेटावरच्या गाल्दार गावात केळीच्या बागांना लागून घर, आणि घराखालच्या गॅरेजमध्ये तिचा कारखाना. उत्तर किनाऱ्यावरचे निम्मे लोक तिने कापलेल्या बोर्डांवर लाटा घेत. बहुतेक सगळे पोटावर झोपून. गुडघ्यावर जाणारे मोजके, आणि बायकांत तर एकटी इदाइराच. एक गुडघा बोर्डावर टेकलेला, दुसरं पाऊल पुढे रोवलेलं, हात मोकळे. त्यासाठी चंद्रकोरच लागते. वळताना ती लाटेत रुतून बसते, निसटत नाही. वटवाघळाची शेपटी झोपून जाणाऱ्यांची. मधला फुगवटा कमरेखाली बळ देतो, मागची बाजू वर उचलली जाते, बोर्ड सुसाट सुटतो. पण त्याच्यावर गुडघ्याने वळायला जाल तर मागून घसरतो. हे इथे शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. ग्वासिमाराच्या हातून ही चूक होणं शक्यच नव्हतं, म्हणून तर इदाइराच्या कानशिलात रक्त चढलं.

"आईने सांगितलं तुला?"

"नाही."

"मग डॉक्टरने?"

"डॉक्टरला काय कळतंय शेपटीतलं!" ग्वासिमाराने घासायचा कागद खाली ठेवला. "कुणी सांगितलं नाही. मीच ठरवलं. किनाऱ्याच्या वरच्या वाटेवरून रोज बघते मी तुला. खडकावर आपटलीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुन्हा पाण्यात उतरलीस. तेव्हापासून एकदाही गुडघ्यावर आली नाहीस, इदाइरा. चंद्रकोर घेऊन झोपून जातेस आणि मग बोर्ड धावत नाही म्हणून माझ्यावर चिडतेस."

"पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"बहीण आहे मी तुझी."

"बहीण असतीस तर विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग माझं उत्तर नाहीच होतं ना!" इदाइराचा आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आदळला. वर्षभर हेच चाललं होतं. जिना चढावा की नाही, गाडी चालवावी की नाही, खुर्ची कुठली घ्यावी, सगळं दुसऱ्याच कुणीतरी ठरवायचं आणि वर प्रेमाने सांगायचं. स्पर्धेवाल्यांनी तर तिला न विचारता परीक्षकांच्या यादीत घालून टाकलं होतं, मोठा मान दिल्यासारखं. आता बहिणीनेही तेच केलं. आणि तेही हाताने कापून, चिकटवून, पक्कं करून.

बोर्ड फेकून द्यावा असं तिला वाटलं. त्याऐवजी तिने तो काखेत मारला. याच्यावर गुडघ्याने जाऊन दाखवते, मागून कसा घसरतो ते तुझ्या वरच्या वाटेवरून नीट बघ, आणि मग परत घे, असं तिने बजावलं. ग्वासिमाराने भिंतीवरची गाडीची किल्ली घेतली.

किनाऱ्यापर्यंत दोघी एकाच गाडीत बसून आल्या. इदाइरा पायऱ्या उतरून खडकावर गेली, पायांत पोहायचे रबरी पंख चढवले आणि फेस ओसरताच पाण्यात उडी टाकली.

पाणी गार होतं, लाट मोठी आणि काळपट. दोरामास आणि त्याचे दोघे मित्र लाटेची वाट बघत रांगेत होते. दोरामास तिच्यासोबतच पोहायला शिकलेला. त्याने बोर्डाची शेपटी पाहिली, भुवया उंचावल्या.

"हे काय नवीन?"

"बहिणीची चूक आहे," इदाइरा म्हणाली, आणि तो हसायच्या आत वळली.

लाट आली तशी ती तिने घेतली. उतारावर येताच बोर्डाच्या कडा धरून तिने गुडघा पुढे ओढला. तो अर्ध्यावर आला आणि थांबला. दुखलंसुद्धा नाही. नुसता थांबला, दारात येऊन कुणी आत न शिरावं तसा. बोर्डाला मागून घसरायची वेळ येण्याआधीच ती कुशीवर कोलमडली आणि लाटेने तिला गुंडाळून खाली नेलं.

वर आली ती पाण्यावर मुठी आपटत. दोरामास दुसरीकडे बघत होता. त्याच्या त्या भल्या वागण्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. पुढची लाट त्याची होती. ती तिने हिसकावून घेतली. गुडघ्याचा विचार केला नाही, कसलाच केला नाही. दात आवळले, पोट टेकलं, दोन्ही पायांनी पाणी झोडपलं.

बोर्ड सुटला. कमरेखालून कुणीतरी उचलून धरल्यासारखी मागची बाजू वर आली आणि डोक्यावरून लाटेचं छत पुढे झुकलं. ती त्याच्या आत होती, आणि मग प्रकाशात बाहेर. इतक्या वेगात ती कधीच गेली नव्हती, धड गुडघ्याच्या दिवसांतसुद्धा नाही. कुठेतरी मागे दोरामास शिव्या देत होता, मनापासून.

खडकावर चढून ती पायऱ्यांनी वर आली तेव्हा ग्वासिमारा कठड्याला टेकून उभी होती. दोन्ही लाटा तिने पाहिल्या होत्या. इदाइराच्या केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा अजून रागानेच तापलेला होता.

"घसरतो मागून," ती म्हणाली. "सांगितलं होतं तुला."

"हं."

"आणि पुन्हा मला न विचारता काही ठरवलंस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"नाही ठरवणार." ग्वासिमाराने बोर्ड घ्यायला हात पुढे केला. "चुकलंच माझं. चंद्रकोर कापते. आजच घेऊ कापायला?"

इदाइराने बोर्ड दिला नाही. मान कलती करून कानातलं पाणी झटकलं, आणि बहिणीच्या खांद्यावरून समुद्राकडे पाहिलं. लांबवर पाणी पुन्हा उंचावत होतं.

"घाई नाही," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.