क्लच कुणी जाळला

गाडीचा क्लच जळाला मंगळवारी दुपारी, आणि तो कुणी जाळला याचा निकाल लागला त्याच संध्याकाळी. गाडी अजून कुणी उघडलीसुद्धा नव्हती. ती गॅरेजच्या दारात थंड होत उभी होती आणि इकडे दिवाणखान्यात नवऱ्याने सोफ्यावर पाय लांब करून सांगून टाकलं, "क्लचच्या पेडलवर पाय ठेवून चालवलीस. दुसरं काय असणार?"

नवरा सर्वेयर. विमा कंपनीचा. कुठे गाडी ठोकली, कुठे इंजिनात पाणी गेलं, की हा जायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा, वाकून खाली बघायचा आणि चूक कुणाची ते लिहून मोकळा व्हायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याला चूक दिसायच्या आधी चूक करणारा दिसू लागला होता. चालवणारी बाई असली, तर फेरी मारायचे कष्टही वाचत.

बायको दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. दवाखान्यात भले भले धटिंगण तिच्यापुढे आ वासून निमूट पडून राहत. घरात मात्र आ वासायची पाळी बहुतेक तिच्यावर येई.

"माझा पाय पेडलवर नव्हता," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. माझ्या एवढ्या फायली आहेत, त्यात पेडलवर पाय ठेवणारा एकही माणूस नाही."

आता या क्लचची मागची गोष्ट सांगायला हवी. गाडी दोघांच्या नावावर, जुनी, दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग घसरायचं आणि शेवटी पाय आपलेच आहेत अशी खात्री करून आत ओढून घ्यायचे. आधीचा मालक चांगला ताडमाड असावा, कारण क्लचचं पेडल त्याने भलतंच वर ठेवलं होतं. नवराही उंच, त्यामुळे त्याला ते मानवलं. डॉक्टरीणबाई बेताच्या उंचीच्या. सीट मागे घेतली तर पाय तळापर्यंत पोचत नसे, पुढे घेतली तर प्रत्येक गिअरला गुडघा स्टिअरिंगवर आपटे. डाव्या गुडघ्यावर निळा डाग पडला होता, तो जुना होऊन पिवळा व्हायच्या आत त्यावर नवा पडे.

एरवी तिने तेही सोसलं असतं. पण दर वर्षी गाडीवाल्यांचा क्लब एका रविवारी डोंगराचा रस्ता बंद करवून घेतो आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतो. एका गाडीमागे एकच नाव. आजवर ते नवऱ्याचं असे. तो दर वेळी कुठेतरी मध्ये येई आणि पुढचा आठवडाभर आपण मध्येच का आलो ते समजावून सांगे. यंदा तिने आपलं नाव दिलं. नवरा म्हणाला, "दे की. मी कुठे नाही म्हणतोय?" अशा परवानगीत नाही किती असतं, हे बायकांना बरोबर कळतं.

"तेवढं पेडल खाली घ्यायला हवं," ती म्हणाली. "गॅरेजला टाकू या."

"गॅरेज कशाला? एका बोल्टचं काम आहे. मी करतो."

"तुम्ही?"

"दिवसभर गाड्याच बघतो ना मी?"

बघत होता, हे खरं. मग एका सकाळी तो बॅटरी आणि पाना घेऊन डॅशबोर्डखाली उताणा शिरला. पाय बाहेर पार्किंगमध्ये. गाडीने माणूस अर्धा गिळला आणि उरलेला आवडला नाही म्हणून ठेवून दिला, असं ते दृश्य होतं. आतून कण्हण्याचा आवाज आला, एक शिवी आली आणि शेवटी "बस बघू" असा हुकूम आला. ती बसली. पेडल खाली आलं होतं. गुडघा मोकळा होता.

"काय छान झालं हो," ती म्हणाली.

पुढे तिला सगळ्यात जास्त टोचला तो हा 'हो'.

मंगळवारी दुपारचे पेशंट पुढे ढकलून ती सरावासाठी डोंगरावर गेली. खालची वळणं लोण्यासारखी गेली. वरच्या चढावर मात्र तिने ॲक्सिलरेटर दाबला तसं इंजिन किंचाळलं, काटा उडाला आणि गाडी होती तिथेच रेंगाळली. मग वास आला, करपलेला. थांबून गाडी निवू दिली, तर ती थोडी शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा तेच. शेवटी टो करून आणावी लागली. नवरा टो गाडीबरोबर आला. नाकाने दोनदा हुंगलं आणि हसला. हसणं मोठं नव्हतं. फायली बंद करताना हसतात तसं होतं.

त्या संध्याकाळी थोरली नणंद आली. ती समोरच्याच इमारतीत राहते, आणि भावाच्या घरात काही बिघडलं की तिला लिफ्ट लगेच मिळते.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," नणंद म्हणाली. "आपल्याला सवयच असते. मी शिकत होते तेव्हा हा सारखा ओरडायचा, पाय काढ, पाय काढ."

"ताई, माझा पाय नव्हताच."

"आपल्याला नाही कळत. गाडी सांगते ना ती. आणि एका अर्थी बरंच झालं म्हण, रविवारी आता हाच जातोय ते."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला कप टेबलावर ठेवला गेला. "कोण जातंय?"

नणंदेने भावाकडे बघितलं. "का? मघाशी फोनवर नाव बदलून घेत होतास ना?"

"हे बघ," नवरा म्हणाला, "नवा क्लच बसणार. तो लगेच तुझ्या पायाखाली कसा देऊ? क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं मी, तिने एक जाळलाय, यंदा माझंच नाव राहू दे."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दिलेलं कारण इतकं प्रामाणिक होतं की त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागली.

"चिडली वाटतं," बाहेरून नणंदेचा आवाज.

"होईल शांत. चूक दाखवली की पहिले असंच होतं."

ती काही शांत झाली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका आडदांड कंत्राटदाराची दाढ कोरताना तिचं लक्ष आपल्या पायाकडे गेलं. टाच जमिनीवर, चवडा ड्रिलच्या पेडलवर तरंगता. पेडल थोडं नुसतंच खाली जाई, मग ड्रिल जागं होई. त्या थोड्याशा मोकळ्या अंतरावर तिचं पोट चाललं होतं. पाय विसरून पेडलवर ठेवणारी बाई असती, तर अर्ध्या गावाच्या जिभांना भोकं असती. आणि हा सर्वेयर सांगतो, पाय ठेवलास.

"मूर्ख माणूस," ती म्हणाली.

"आं?" कंत्राटदार डोळे विस्फारून.

"तुम्ही नाही. आ करा."

गुरुवारी नवी प्लेट बसली असा गॅरेजमधून निरोप आला. नवरा कामात होता, म्हणून गाडी आणायला ती गेली. गॅरेजवाला हात पुसत पुढे आला.

"बाई, एक सांगू का, राग मानू नका."

"मग नका सांगू."

"नाही, साहेब म्हणाले म्हणून. चालवताना डावा पाय जरा बाजूला ठेवत चला. सगळ्यांचंच होतं."

"तुम्ही पेडल बघितलंत?"

"पेडलचं काय बघायचं? कारण साहेबांनी सांगितलंच होतं. प्लेट बदला म्हणाले, बाकी कशाला हात लावू नका."

त्याचंही बरोबर होतं. ज्या माणसाच्या सहीवर आपली बिलं पास होतात, त्याने सांगितलेलं कारण कुणी तपासत बसत नाही.

ती गाडीत घसरली, पाय आत घेतले आणि सवयीने चवडा पेडलवर हलकेच टेकवला. तशीच थांबली. मग खाली वाकून पेडल हाताने दाबून पाहिलं, एका बोटाने. पुन्हा पाहिलं.

"याला प्ले नाही," ती म्हणाली. "जरासुद्धा मोकळं जात नाही."

"असेल, बाई."

"तुम्ही बोट लावा."

गॅरेजवाल्याने बोट लावलं, आणि त्याचं तोंड बदललं. तो बॅटरी घेऊन डॅशखाली शिरला. आतून त्याचा आवाज आला तो साहेब नसताना बोलायचा आवाज होता. "अरे देवा. हे कुणी केलं?"

"काय केलं?"

"पेडलच्या वर हा बोल्ट असतो. पेडल किती वर येणार ते तो ठरवतो. आणि पेडलमागे ही दांडी, ती क्लच दाबते. बोल्टने पेडल खाली घेतलं तर दांडीपण तेवढी आखूड करावी लागते. इथे नुसता बोल्ट फिरवलाय. दांडीच्या नटावर कंपनीचा रंग जसाच्या तसा आहे, पाना लागलेलाच नाही."

"म्हणजे पेडल कायम थोडं दाबलेलं."

"हो. थंड असताना जाणवत नाही. तापलं की घसरायला लागतो." तो बाहेर आला. "म्हणजे पाय काढला तरी पाय ठेवल्यासारखंच, बाई. कुणीतरी न दिसणारं पाय ठेवून बसलंय."

"न दिसणारं नाही," ती म्हणाली. "चांगलं ओळखीचं आहे. हात लावू नका, तसंच राहू दे."

तिने नवऱ्याला फोन केला. "गॅरेजवर या."

"आत्ता? माझी मीटिंग..."

"या."

तो आला. येताच गाडीभोवती एक फेरी मारली, ही त्याच्या पायांची सवयच होती. "आता काय झालं?"

"पेडल हाताने दाबा. हळू. वरून किती मोकळं जातंय सांगा."

तो चांगल्या पँटीनिशी गुडघ्यावर बसला. बराच वेळ बसला.

"मोकळं जात नाहीये," तो शेवटी म्हणाला, आणि लगेच मान वळवून, "नवी प्लेट बसवताना काही गडबड झाली असेल. काय हो?"

गॅरेजवाला छताकडे बघू लागला. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"त्यांनी पेडलला हात लावला नाही," ती म्हणाली. "लावू नका असं तुम्हीच सांगितलं होतंत. आता वर बघा. बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत. दांडीच्या नटावर?"

बॅटरीचा उजेड बोल्टवर गेला, नटावर गेला आणि विझला. नवरा उठला, गुडघे झटकले. तो विचार करतोय हे दिसत होतं, आणि कसला विचार करतोय हेही दिसत होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "राहिलं असेल माझ्याकडून. पण पहिल्यांदा घसरला तेव्हाच तू थांबायला हवं होतंस. तू पुढे रेटलीस. तेव्हा थोडं इकडचं, थोडं तिकडचं. दोन्ही बाजूंचं म्हणू."

डॉक्टरीणबाई चिडल्या की त्यांचा आवाज खाली जाई. दवाखान्यातली नर्स त्या आवाजाला सुईपेक्षा जास्त घाबरत असे.

"अहो, मंगळवारी मी निम्मी दोषी नव्हते. ताईंसमोर पुरी होते, इथे पुरी होते, क्लबातही पुरी होते. तेव्हा तुम्हाला दुसरी बाजू सापडली नाही. आज सापडली, कारण ती तुमची निघाली."

"अगं, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच सांगितलंत ना?" ती गॅरेजवाल्याकडे वळली. "तुम्ही दांडी आखूड करा. पेडल खालीच राहू दे, माझ्या पायाला आहे तसं. आणि अहो, तुम्ही सेक्रेटरींना फोन लावा. स्पीकरवर."

नवऱ्याने गॅरेजवाल्याकडे पाहिलं. पण तो एव्हाना डॅशखाली पुरता शिरला होता. फोन लागला.

"बोला सर्वेयरसाहेब," सेक्रेटरी म्हणाले. "झाली का गाडी?"

"झाली. ते रविवारचं नाव... परत बायकोचं टाका."

"अरे? आणि पाय ठेवण्याचं काय?"

"तसं नाही. ॲडजस्टमेंटमध्ये जरा चूक झाली होती."

"कुणाची?" सेक्रेटरींनी अगदी सहज विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पेशंट तोंड कधी उघडतो याची वाट बघतात तशी.

"माझी."

"काय? ऐकू नाही आलं."

"माझी. पेडल मी खाली घेतलं, दांडी तशीच राहिली. क्लच मी जाळला."

पलीकडून मोठ्याने हसणं आलं, मग "ऐका हो, ऐका," असं सेक्रेटरी आणखी कुणाला तरी सांगताना ऐकू आले. डॅशखालून बाहेर आलेले दोन पाय थरथरत होते. आत पाना चालत नव्हता.

नवऱ्याने फोन बंद केला. कान लाल. "झालं समाधान?"

झालं नव्हतं. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं उतरेल. उतरलं काहीच नाही. तो खरं बोलला होता, पण ते तिने ओढून काढलं तेव्हा. मंगळवारी तो स्वतःहून बोलला होता, आणि किती सहज.

"ताईंना लावा," ती म्हणाली.

"ताईला कशाला? तिला गाडीतलं काय कळतं?"

"मंगळवारी कळत होतं."

तो अंगठ्याने बहिणीचं नाव शोधू लागला, कधीच फोन करत नसल्यासारखा, सावकाश.

"आणि या वेळी 'जरा' म्हणू नका," ती म्हणाली.