मला पूर्ण उलगडा

मी एक जुने रीळ आहे. दोऱ्याचे नव्हे, विजेच्या केबलचे. जाड पत्र्याचा ड्रम, लोखंडी नळीची चौकट, फिरवायला एक दांडा, मधोमध चार सॉकेट आणि भोवती बोटाएवढ्या जाडीची काळी रबरी केबल, असा माझा अवतार आहे. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. माझ्या जागी एखादा भोंगा असता, तर त्याने हीच गोष्ट किती रंगवून सांगितली असती, असे मला सारखे वाटते. पण आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट फार दिवस सांगितली गेली. 'म्हातारं झालं होतं, म्हणून जळलं,' असे लोक म्हणत. त्याला उत्तर दिल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

माझा जन्म अलेक्झांड्रियात, बंदरामागच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला इजिप्तमधल्याच मन्सूरा शहरात आणले ते बदीर मांडववाल्याने. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे 'उस्ता' म्हणतात, म्हणून तो सगळ्यांचा उस्ता बदीर. लग्न असो, मयताची बैठक असो की रमजानमधली रस्त्यावरची पंगत असो, गल्लीत लाल-निळ्या नक्षीचे कापड उभे राहिले की त्याच्यामागे मी असायचोच. लग्नाला माझ्यावर रंगीत दिवे लागत, मयताला पांढरे. लोक दिव्यांकडे बघत. माझ्याकडे कोणी बघत नसे, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटे.

उस्ता बदीरची एक रीत होती. वीज सोडण्याआधी तो मला शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायचा. ड्रमचा पत्रा उघडा दिसला पाहिजे, मगच पुढचे काम. त्याची बायको इन्शिराह पुढे चालत केबल दारांच्या चौकटींवरून आणि खिडक्यांच्या गजांवरून नेत असे. याला कारण होते. गुंडाळलेल्या केबलमधून भारी वीज नेली, तर प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला तापवतो, आणि त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तरीही चुकून तापलोच, तर माझ्या पोटात एक लाल बटण आहे. ते टक् करून उडते आणि वीज तोडते. ते बटण म्हणजे माझी तक्रार करण्याची एकुलती एक रीत.

मग एका हिवाळ्यात उस्ता बदीर गेला, आणि धंदा त्याच्या धाकट्या भावाने, शिहाताने, हातात घेतला. गोदामाची किल्ली मात्र इन्शिराहकडेच राहिली.

त्याच्या पहिल्याच लग्नात नवरीकडच्यांनी सांगितले, की वायरींचा पसारा दिसता कामा नये. शिहाताने मला आहे तसे, गुंडाळलेलेच, नवरा-नवरीच्या उंच आसनाखाली सरकवले आणि वरून साटीनचा पडदा सोडला. मोठे दिवे, गाण्याची यंत्रणा, पंखे, सगळे माझ्यावर. माझे बटण उडाले. त्याने दाबले. पुन्हा उडाले. शेवटी वैतागून त्याने माझे झाकण उघडले आणि तारेचा एक तुकडा जोडून बटणाचे तोंडच बंद केले.

मी धुमसू लागलो. आसनाखालून धूर वर आला. बायकांना वाटले, नवरीला नजर लागू नये म्हणून कोणीतरी धूप लावलाय. त्यांनी जीभ हलवत आनंदाच्या लांबलचक आरोळ्या ठोकल्या. धूर वाढला तशा आरोळ्याही वाढल्या. नवरी खोकायला लागली तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले, आणि तेवढ्यात सगळी गल्ली काळोखात गेली.

"जुनाट माल!" शिहाता सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "भावाने आयुष्यभर भंगार सांभाळलं."

मला गोदामात बांबूंच्या मागे टाकले. माझ्या दांड्यावर ओला पोछा वाळत पडू लागला. एका मांजरीने माझ्या चौकटीत पिल्ले घातली. तिचे मला वाईट वाटले नाही. निदान तिने मला घर तरी मानले. गल्लीतली कामे दुसऱ्या मांडववाल्यांकडे जाऊ लागली. एके दिवशी भंगारवाल्याची गाडी दारात आली आणि शिहाता मला ओढत बाहेर घेऊन निघाला.

इन्शिराह आतून आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"वहिनी, उठा. गाडीवाला थांबलाय."

"थांबू दे. मीही बसलेय."

"अहो, जळकं रीळ आहे ते! मी नवीन आणलंय, बघा तरी." त्याने पिवळ्याधमक प्लास्टिकचे एक रीळ तिच्यापुढे धरले.

तिने ते एका हाताने उचलून पाहिले. "इतकं हलकं? आत तांबं आहे की नुसती आशा?"

भंगारवाला फिसकन हसला. शिहाताचा चेहरा लाल झाला.

"ठीक आहे. हाज्जा फहीमाच्या मुलीचं लग्न तुम्ही अंगावर घेतलंय म्हणे. करा या भंगारावर. पण पुन्हा एकदा उजेड गेला, तर गोदामाची किल्ली माझ्या हातात. मी तिथे मोबाईलचं दुकान टाकतो. तुम्ही जा गावी भावाकडे."

"चालेल," इन्शिराह म्हणाली. ती म्हणाली खरी, पण मी तिच्याखाली होतो. तिने माझा दांडा किती घट्ट धरला होता ते मलाच माहीत. भावाच्या घरी जाणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. भावजयीच्या स्वयंपाकघरात, दाराजवळच्या कोपऱ्यात, विचारल्याशिवाय साखरेच्या डब्याला हात न लावता उरलेले दिवस काढायचे.

मग तिने मला अंगणात आणले आणि उस्ता बदीरची हत्यारांची पेटी उघडली. ती वर्षानुवर्षे त्याच्या हातात पक्कड देत आली होती. स्वतःच्या हातात धरण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिने केबल उलगडायला घेतली. वरचे वेढे सहज सुटले, चांगले मऊ, न तडकलेले. जसजशी ती आत जाऊ लागली तसतसे वेढे चिकट होत गेले, आणि तळाशी तर सगळे रबर वितळून एकमेकांत मुरले होते. ती थांबली. बोटाने तो काळा गोळा दाबून बघत राहिली. मग तिने मधले झाकण उघडले. बटणाच्या मागे तारेचा पिळलेला तुकडा होता.

तिने शिहाताला हाक मारली आणि तो तुकडा तळहातावर ठेवून दाखवला.

"हे कोणाचं काम?"

"ते बटण सारखं उडत होतं!"

"मग?"

"मग काय मग? लग्न थांबवू? पाहुणे काय म्हणतील?"

"बाहेरची केबल शाबूत आहे, आतली जळली. याला उलगडलंच नव्हतंस तू."

"पसारा दिसत होता, वहिनी," तो पुटपुटला आणि चप्पल घालून निघून गेला.

मित्रांनो, माझी साक्ष तेव्हा झाली. मी वयाने जळलो नव्हतो. मला गुंडाळून राबवले आणि तक्रार केली तर तोंड बंद केले, म्हणून जळलो.

दुरुस्ती काही एका बैठकीत झाली नाही. वितळलेला भाग तिला करवतीने कापून काढावा लागला. तो माझाच भाग होता, पण तो जाताना मला हलके वाटले. उरलेल्या केबलचे टोक तिने सोलले, तिन्ही तारा वेगळ्या केल्या आणि ड्रमच्या भोकातून आत घेतल्या. केबलला ओढ बसली तरी ती स्क्रूंवर येऊ नये म्हणून वर घट्ट पट्टी आवळली. काळवंडलेले सॉकेट काढून नवे बसवले. बटणही नवे आणले. ड्रम ज्यावर फिरतो तो आस गंजून अडकला होता. त्यात रॉकेल सोडले, दांडा पुढे-मागे करत तो मोकळा केला आणि ग्रीस भरले. चौकटीचा वाकलेला पाय दगडावर ठेवून हातोडीने सरळ केला. तेव्हा मी इतका ठणाणा केला की शेजारीण गच्चीवरून ओरडली, "इन्शिराह, रीळ दुरुस्त करतेस की शिहाताला?"

"आधी रीळ!" इन्शिराहने खालून उत्तर दिले.

सगळे झाल्यावर तारा नीट जुळल्या का ते तपासायला तिने मीटर लावला. हिरव्या-पिवळ्या अर्थिंगच्या तारेपाशी मीटर गप्प. तिने पक्कड खाली ठेवली. 'मला जमायचं नाही हे,' असे ती हळूच म्हणाली. मला सांगता आले असते तर मी सांगितले असते, की बाई, एक स्क्रू ढिला आहे, एवढेच. पण तिने डोळे पुसले, पुन्हा झाकण उघडले, आणि तो स्क्रू तिलाच सापडला. नंतर तिने मला गच्चीवर नेऊन कबुतरांच्या खुराड्यापर्यंत पूर्ण उलगडले आणि दोन इस्त्र्या व एक शेगडी माझ्यावर लावली. कितीतरी वेळ ती केबलवरून तळहात फिरवत चालत होती. कोमट. फक्त कोमट.

लग्नाच्या दिवशी मात्र एक नवीच अडचण आली. कापल्यामुळे मी आखूड झालो होतो. हाज्जा फहीमाच्या घरातल्या मीटरपासून निघून, सगळ्या दारांवरून जाऊन, शेवटचा वेढा सुटला तेव्हा मी आसनामागे लपण्याऐवजी त्याच्या शेजारी, अगदी उघड्यावर उभा होतो.

हाज्जा फहीमा म्हणजे नवरीची आई. हज करून आलेली, म्हणून हाज्जा; सोन्याच्या बांगड्या आणि मोठा आवाज.

"अगं इन्शिराह, हे गंजकं चाक इथे? लग्नाच्या फोटोत येईल ना!"

"येऊ दे."

"एखादी लहान वायर जोड आणि ने की मागे."

"जोड देणार नाही, हाज्जा. उजेड हवा असेल, तर उजेड देणाराही दिसेल."

"फार बोलायला लागलीस गं!"

"आत्ताच शिकतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच मी चारचौघांत उभा होतो, आणि मला लाज वाटत होती. लोक माझ्याकडे बघून कुजबुजत होते. इन्शिराहने माझ्या तीन सॉकेटमध्ये दिवे आणि गाण्याची यंत्रणा लावली आणि चौथ्यावर टेप चिकटवली. सूर्य मावळला, अजान झाली, दिवे लागले. ढोलकी वाजू लागली, शरबताचे पेले फिरू लागले. माझ्यातून वीज सळसळत होती आणि मी थंड होतो. शिहाता भिंतीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता.

आणि मग अचानक माझ्यावर असा काही भार आला की माझा श्वास कोंडला. तांबे तापू लागले. नव्या बटणाने वाट पाहिली नाही. टक्.

गल्ली अंधारात गेली. ढोलकी थांबली. कोणीतरी शीळ घातली. एक म्हातारा म्हणाला, "आलं परत तेच!"

शिहाता अंधारातून वाट काढत आला. "वहिनी, तारेचा तुकडा आहे माझ्या खिशात. दोन मिनिटांचं काम आहे. तुमची अब्रू वाचेल."

इन्शिराहने माझ्या बटणावर तळहात ठेवला. "याला हात लावलास, तर पक्कडीत तुझी बोटं धरीन."

"मग किल्ली द्या. उजेड गेला ना?"

चारी बाजूंनी लोक ओरडत होते, 'दाब ना ते बटण!', 'काहीतरी कर, बाई!' ती चाचपडत माझ्या सॉकेटवरून बोटे फिरवत गेली. चौथ्यावर टेप नव्हती. तिथे एक जाड वायर होती. तिचा माग घेत ती मांडवाच्या कडेला पोचली, तर तिथे पाणी उकळायचा भलामोठा विजेचा बंब, आणि त्याच्याशेजारी हाज्जा फहीमा, पेल्यांच्या ताटासकट.

"पाहुण्यांना चहा नको का?" हाज्जा अगदी लहान आवाजात म्हणाली.

"चहा आत, चुलीवर." इन्शिराहने बंबाची वायर उपटली.

"मग आता दाब बटण!"

"आता नाही. ते तापलंय, निवू दे."

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. अंधारात तिच्यावर इतके डोळे होते, पण तिने घाई केली नाही. मित्रांनो, माझ्यासाठी कोणी असे कधी थांबले नव्हते. कोणीतरी मोबाईलचा दिवा नवरीकडे धरला. बायकांनी भोंग्याविनाच गाणे म्हणायला सुरुवात केली. जरा वेळाने इन्शिराहने बोटाने बटण चाचपले, आणि दाबले.

गल्ली लख्ख उजळली. शिहाताचा हात अजून किल्लीसाठी पुढे पसरलेला होता, आणि आता तो सगळ्यांना दिसत होता.

"उजेड गेला नव्हता, शिहाता," ती म्हणाली. "दम खात होता."

"पण अंधार तर झाला—"

"अंधार माझ्या बंबाने केला!" हाज्जा फहीमा मांडवभर ऐकू जाईल अशी गरजली. "आणि तुला कसली किल्ली हवीय रे? माझ्या धाकटीचं लग्नही हीच करणार आहे. मांडव काय तुझ्या मोबाईलच्या दुकानातून आणू?"

लोक हसले. शिहाताला हात मागे घ्यायचेही सुचेना. पाहुणे पांगल्यावर इन्शिराहने त्याच्या हातात ओले फडके दिले.

"धर. मी दांडा फिरवते. केबल पुसत पुसत आत सोड."

त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग तो वाकला आणि पुसू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत माझ्यासारखे एखादे रीळ कोपऱ्यात पडले असेल. त्याच्यावर दया करू नका, दया मला कधीच आवडली नाही. काम सांगताना त्याला शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडा, मग पसारा दिसला तरी चालेल. आणि त्याचे बटण उडाले तर तारेचा तुकडा शोधू नका. आधी बघा, त्याच्यावर कोणी काय लादले आहे. मी थांबलो, तर मला थांबू द्या. मी म्हातारा झालो म्हणून थांबत नाही, तुमचे घर जळू नये म्हणून थांबतो.