गिरणीच्या आधी आलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. परातीएवढं माझं तोंड आणि बाजूला एक लोखंडी दांडा. दांडा गरागरा फिरवला की माझी हाक साऱ्या गावाला ऐकू जायची. आज तो दांडा गंजला आहे आणि मी एका मळ्यात, विहिरीच्या काठाला आडवा पडलो आहे. इथे कसा आलो ते सांगतो. ऐकून माझा राग आला तर खुशाल येऊ द्या, मला स्वतःलाच तो येतो.

माझी उमेदीची वर्षं खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात गेली. सकाळी मी ओरडलो की बायामाणसं भाकरीचं फडकं घेऊन फाटकातून आत यायची. संध्याकाळी ओरडलो की अंगावरचा कापूस झटकत घरी जायची. माझ्या हाकेला माणूस येतो, याचा मला भारी ताठा होता. पुढे तिथे विजेचा भोंगा आला आणि मला गोणपाटाखाली टाकून दिलं.

तिथून मला उचललं शेषरावांनी. मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा शहराचे ते नगराध्यक्ष. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. “आपला कापूस बाहेर जाते, सरकी बाहेर जाते, आन् मांगून आपले माणसंबी जातात,” असं ते कळवळून म्हणायचे. त्यांना गावात सरकीच्या तेलाची सहकारी गिरणी हवी होती. नागपूर-मुंबईच्या खेपा घालून त्यांच्या दोन जोड चपला झिजल्या. माणूस खोटा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण घाईचा होता. मंजुरी यायची होती, यंत्रं यायची होती, इमारतीची एक वीटही रचली नव्हती. आणि शेषरावांनी भोंगा आणला! “भोंगा वाजाले लागला की गावाले भरवसा येते,” ते म्हणाले.

गिरणीला पाणी लागतं. म्हणून त्यांनी गावाबाहेरचा इंद्रभान आणि सत्यभामाबाई या नवराबायकोचा मळा निवडला. वांगी, मेथी, गवार पिकवणारं ते घर. त्यांच्या विहिरीला वैशाखातही पाणी असायचं. इंद्रभानाला गिरणीत नोकरी कबूल झाली, तसा तो लगेच तयार झाला. सत्यभामाबाई मात्र बराच वेळ विहिरीत डोकावत उभी राहिली.

“गावाचं भलं होते तं घ्या, भाऊ,” ती शेवटी म्हणाली. “पण या इहिरीचा गाळ दरसाल काढा लागते. नाही काढला तं झरे बुजतात.”

“वहिनी, आता इथं इंजिन बसन. तुमी काहीच फिकर करू नका,” शेषराव म्हणाले. तिने कागदावर अंगठा उठवला.

मळ्याच्या मधोमध खांब रोवून मला वर चढवलं आणि दांड्यापर्यंत शिडी लावली. भोवती काटेरी तार ओढली. नारळ फुटला, गुलाल उधळला, आणि इंद्रभानाने माझा दांडा फिरवला तेव्हा सारं गाव लोटलं होतं. गिरणीचा तो पहिला नोकर. दुसरा कधी लागलाच नाही.

सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला इंद्रभान मला वाजवायचा. मी जीव तोडून हाक द्यायचो आणि फाटकाकडे बघायचो. कोणी येत नसे. येणार तरी कशाला? हळूहळू गावाला माझी सवय झाली. बायका माझी हाक ऐकून चूल पेटवू लागल्या. नाक्यावरचे चहावाले पंजाबराव माझ्या आवाजावर भिंतीवरचं घड्याळ लावू लागले. गावाची सोय झाली, पण मित्रांनो, मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

सत्यभामाबाई आता धाड गावच्या बाजारातून दुसऱ्यांच्या मळ्यातली वांगी आणून विकायची. “तुह्याच मळ्यातली हायेत ना, बाई?” असं जुनी गिऱ्हाइकं विचारायची, तेव्हा ती नुसतीच तराजू उचलायची. दर वैशाखात मात्र ती टोपलं आणि दोर घेऊन फाटकाशी यायची. “दोन दिवस आत जाऊ द्या, भाऊ. गाळ तेवढा काढून घेतो.”

शेषराव दर वेळी नाही म्हणायचे. “मंजुरीवाले सायेब कोण्याबी दिवशी पाहाले येतीन, वहिनी. जागा साफ दिसली पाह्यजे. चिखलाचे ढीग पाह्यले तं म्हणतीन, इथं अजून शेतीच चालू हाये.”

ती परत जायची. मी वरून बघत राहायचो. विहिरीची एक बाजू ढासळली तीही मी पाहिली. मला सांगता आलं नाही. माझ्या गळ्यात एकच सूर होता आणि तो घड्याळाच्या कामाचा झाला होता.

तीन वर्षांनी साहेबांची जीप आली. शेषरावांनी मला लागोपाठ तीनदा वाजवायला लावलं. साहेब इकडेतिकडे बघत उतरले आणि तारेशी टोपलं घेऊन उभ्या असलेल्या सत्यभामाबाईला त्यांनी विचारलं, “बाई, गिरणी कुठे आहे?”

“येऊन राह्यली, सायेब,” ती म्हणाली. “तीन वर्सं झाले, येऊनच राह्यली.”

साहेबांना हसू आलं. शेषरावांना आलं नाही. मग साहेबांनी विहिरीत वजन बांधून टेप सोडली. खालून भच्च असा आवाज आला. टेप वर आली ती काळ्या चिखलाने माखून, वीतभर ओली.

“कागदावर तर बारमाही विहीर लिहिली आहे!”

“होती, सायेब,” सत्यभामाबाई म्हणाली.

शेषरावांनी मान खाली घातली. महिन्याभराने पत्र आलं. पाण्याअभावी ही जागा नापसंत झाली होती आणि गिरणी दुसऱ्या तालुक्याला गेली होती.

पत्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले, तरी इंद्रभानाने मला हात लावला नाही. नवराबायकोने तार वाकवली आणि दोघं विहिरीत उतरली. साडेनऊला शेषराव धापा टाकत आले.

“काऊन बे इंद्रभान, भोंगा काऊन नाही वाजवला? सारं गाव खोळंबलं!”

उत्तर विहिरीतून आलं, सत्यभामाबाईचं. “वाजवा ना भाऊ, तुमीच वाजवा. गाळ काढाले आठ-दहा माणसं लागतीन. बलवा त्याइले.”

शेषराव शिडी चढले. मग त्यांनी स्वतः माझा दांडा धरला आणि घामाघूम होईस्तोवर फिरवला. खामगाव सुटल्यापासून प्रथमच माझ्या हाकेत खरं काम होतं. मी असा ओरडलो की झाडावरचे पोपट उडाले. खांबावरून मला नाका स्वच्छ दिसत होता. पंजाबराव स्टुलावर चढले आणि त्यांनी घड्याळाचे काटे मागे फिरवून साडेनऊचे आठ केले. बाकीचे आपापल्या कामाला लागले. फाटकातून कोणीही आत आलं नाही.

शिडीवरून उतरून शेषराव बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी कोट काढून तारेला अडकवला, धोतर खोचलं आणि गाळाच्या टोपल्याचा दोर हातात घेतला. पुढे त्या दोराचं चाक बांधायला माझा खांब लागला, म्हणून मला खाली काढलं. तेव्हापासून मी इथे आहे.

तिघांनी पंधरा दिवस गाळ उपसला. एक झरा मोकळा झाला, बाकीचे नाहीत. आता कमरेएवढं पाणी असतं आणि त्यावर चार वाफे वांगी होतात. जमिनीचा कागद अजून त्या न झालेल्या गिरणीच्याच नावावर आहे. तो सोडवायला शेषराव खेपा घालतात. सत्यभामाबाई त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात नवं काही येईल, आणि ते यायलाच हवं. पण त्यासाठी ज्याची विहीर घ्याल, त्याला वैशाखात गाळ काढू द्या. आणि कधी अवेळी एखादा भोंगा वाजला, तर घड्याळाचे काटे फिरवू नका. आधी बाहेर येऊन बघा, कोणी बोलावत असेल.