चर्चच्या टोपातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, ढेरपोट्या, एका बाजूला पोचा आलेला. भांड्यांच्या कारखान्यात जन्मलो आणि तरुणपणी एका आचाऱ्याकडे मेजवान्या गाजवल्या. लोक बोटं चाटायचे, कौतुक आचाऱ्याचं व्हायचं आणि माझ्या वाट्याला राख आणि काथ्या यायचा. पुढे आचारी थकला आणि त्याने मला चर्चला देऊन टाकलं. तिथल्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी सूप आणि पाव वाढतात. ज्यांना घर नाही ते येतात, आणि ज्यांना घर आहे पण सोबत जेवायला कोणी नाही तेही येतात.

इथला एक नियम मात्र माझ्या कधीच पचनी पडला नाही. प्रार्थना होईपर्यंत अन्नाला जीभ लावायची नाही, असं फादरांचं सांगणं. फादर देवमाणूस, पण त्यांची प्रार्थना लांबलचक, आणि ती संपली की लगेच वाढप. त्यामुळे मीठ पडायचं ते अंदाजपंचे. कधी सूप अळणी, कधी खारट. जेवणारे मात्र दरवेळी "छान" म्हणायचे, आणि आमची स्वयंपाकीण मावशी त्यावर खूश असायची.

एका बुधवारी मावशी मीठ घालून पाव आणायला गेली. भाज्या चिरायला येणाऱ्या शिंप्याला वाटलं, घाईत विसरली असेल. त्याने मूठभर टाकलं आणि तो बशा मांडायला गेला. मग फादर आले. आपलाही हातभार लागावा म्हणून त्यांनीही टाकलं. मी नुसता उकळत राहिलो. टोपाला कोण विचारतो?

नेमक्या त्याच दिवशी मावशीच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका पहिल्यांदा आल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्यांचं जेवण जवळजवळ सुटलंच होतं. मावशीने किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. पर्स मांडीवर घेऊन त्या दाराजवळ बसल्या.

"आज उठून गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत," मावशी शिंप्याच्या कानात म्हणाली. मला धडकी भरली. माझ्या पोटात काय शिजलंय ते मलाच ठाऊक होतं.

प्रार्थना झाली. सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हटलं, "छान."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "छान काय? हे तोंडात धरवत नाहीये. मीठ कोणी घातलं?"

"मी. पण एकदाच हो," मावशी म्हणाली.

"मीपण घातलं," शिंपी म्हणाला.

फादर खाकरले. "थोडं मीही."

"आणि चाखलं कोणीच नाही?" बाई शेजारी बसलेल्या एका हमालाकडे वळल्या. "तुम्ही तरी बोलायचं की."

हमाल बशीतच बघत राहिला. "फुकटच्या जेवणाला नावं कशी ठेवायची, बाई?"

बाई उठल्या. मावशीचा चेहरा पडला. पण बाई दाराकडे न जाता थेट माझ्याकडे आल्या. पर्स फादरांच्या हातात दिली आणि बटाटे सोलायला बसल्या. अर्धं सूप दुसऱ्या भांड्यात काढलं, पाणी आणि बटाटे घातले, आणि ते शिजल्यावर हमालाला बोलावून चमचा पुढे केला.

"खरं सांगा."

त्याने चाखलं. पुन्हा एक चमचा घेतला. "अजून जरा खारट आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. मग सगळेच चाखायला उठले. कोणी मिरपूड मागितली, कोणाला गाजरं कच्ची लागली. मावशी चिडली, पण बाईंनी दोन बशा संपवल्या तेव्हा तिनेच डोळे पुसले.

आता प्रार्थनेआधी चाखायला देवाची हरकत नाही, असं फादर म्हणतात. मित्रांनो, मला नीट घासा, आपटू नका, हे तर आहेच. पण कोणाला जेवू घालाल तेव्हा त्याला विचारा, कसं झालंय. तो "खारट आहे" म्हणाला तर रागावू नका. त्याला आता तुमच्याकडे परकं वाटत नाही.